उंबऱ्याबाहेर गेलेला विस्तव

कॉर्क, ४ ऑक्टोबर १९८७

नोरीन,

तुझं कार्ड मिळालं. पुढे बर्मिंगहॅमचा कालवा, मागे तीन ओळी. 'एकतीसला येते. पुन्हा मागून बघते. हे सातवं वर्ष, यानंतर ते दार उघडणार नाहीत.' आईची चौकशी नाही. माझी तर नाहीच.

येऊ नकोस.

हे रागाने लिहीत नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. रागानेच लिहिते आहे. 'प्रिय'ही त्याच कारणाने घातलं नाही.

तू चार वर्षांपूर्वी बोटीत बसलीस. तेव्हापासून आईच्या खुर्चीत जी बसली आहे तिला मी एकटी सांभाळते. तिचे केस विंचरते. बाजारातल्या बायका विचारायला येतात, त्यांना दारातूनच सांगते की आईला अजून बरं नाही. अंगावरचा कोट तिने एक्क्याऐंशीच्या मे महिन्यापासून काढू दिलेला नाही. डॉक्टर म्हणतात, खचली आहे, या वयात बायकांचं होतं असं. ती बादलीतले कोळसे खाते हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. तू होतीस तेव्हा दिवसाला एखादा खायची. आता रविवारी सात-आठ होतात. दाताखाली फुटताना आवाज होतो. मी रेडिओ मोठा करते.

आईची लोणी लावलेली अंडी आठवतात? कोंबडीखालून काढलेलं ऊन अंडं तिच्या लोणी चोपडलेल्या तळहातात एकदा फिरलं की महिनाभर टिकायचं. गेल्या आठवड्यात मी या बाईच्या हातात एक ताजं अंडं ठेवून पाहिलं. तिने ते धरून ठेवलं. संध्याकाळी फोडलं तर आत बर्फ.

तर तू येऊन काय करणार आहेस? मे महिन्याच्या पहिल्या सकाळी घरातून विस्तव बाहेर जाऊ द्यायचा नाही, कुणी कितीही गयावया केली तरी. हे या शहरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. विस्तव गेला की घराची ऊब त्याच्यामागे जाते आणि भली माणसं ती घेऊन जमिनीखाली बसतात, कधी घरच्या माणसालाही नेतात आणि त्याच्या जागी आपलं एखादं बसवून ठेवतात. भली माणसं म्हणायचं, कारण खरं नाव घेतलं तर ती वळून बघतात. तुला हे माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. त्या सकाळी तू कुणाला तरी सिगारेट पेटवून दिलीस. ते तूच कबूल केलंस. मी फक्त विचारलं होतं.

तिथेच राहा. नोकरी कर.

डेल्मा


११ ऑक्टोबर

नोरीन,

'माझ्या हातून गेलं, माझ्याच हाताने आणणार. उरलेल्या तीन बोटांनी.'

असं वाक्य लिहून पाकीट बंद करणं सोपं असतं. वाचणारीला ते आठवडाभर बाळगावं लागतं. तुला नेहमीच एका वाक्यात माणूस आडवा करता यायचा, मला चार पानं लागतात. हॅना मावशी म्हणायची, 'नोरीन दगड मारते, डेल्मा पुरावा देते.'

काल बॅटीकडे गेले होते. तो अजून तिथेच बसतो, जुन्या बाजाराच्या कोपऱ्यावर, उकडलेले डुकराचे पाय आणि शंख विकत. अंगात कुणा पोराचा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला घालतात तसला छोटा कोट, बाही कोपरापर्यंत. गाडीला लाकडी चाकं, सुरी हाडाची, वजनं दगडाची. लोखंडाचा तुकडा कुठे दिसायचा नाही; त्यांच्यातल्या कुणाला लोखंड सोसत नाही. लोक त्याला बुटका म्हातारा समजतात. त्याच्याकडून पाय घेतात आणि 'बॅटी, मीठ कमी पडलं बरं का' म्हणून निघून जातात. एवढ्या थंडीत त्याच्या तोंडातून वाफ निघत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. भल्या माणसांचा हा खुजा चाकर भर दुपारी लोकांच्या हातात जेवण देतो, आणि लोक खातात.

मला बघून त्याने टोपी काढली.

"या मास्तरीणबाई. आज काय शिकवणार?"

"माझी बहीण येणार म्हणते."

"येऊ दे की. खुर्ची पुसून ठेवली आहे."

"तिला पुन्हा मागता येईल का? एकदा मागितलं आहे तिने."

तो शंख सोलत होता. हाडाच्या सुईने आतला जीव बाहेर ओढायचा आणि माझ्याकडे बघायचा. "नेम तुला माहीत आहे. त्या हॅना म्हातारीने तुझ्याकडून पाढ्यांसारखा घोकून घेतला असेल. ज्या हाताने दिलं त्याच हाताने मागायचं. भलत्याच हाताने मागितलं तर पहिल्या खेपेला बोटं जातात."

"आणि दुसऱ्या खेपेला?"

"दुसऱ्या खेपेला उरलेली बाई." त्याने सुईवरचा जीव तोंडात टाकला. "पण तुला काय काळजी? तिनेच दिलं होतं ना? तूच तर सगळ्यांना सांगत होतीस."

"मी असं कधीच म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"नाही म्हटलंस," तो म्हणाला, आणि इतक्या जोरात हसला की शेजारची भाजीवाली वळून म्हणाली, "ए बॅटी, काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही काकी, ही पोरगी फार खरं बोलते."

हे मी तुला का लिहिते आहे ते मला माहीत नाही. माहीत आहे. येऊ नकोस.

डेल्मा


१८ ऑक्टोबर

नोरीन,

तिकीट काढलंस म्हणतेस. परत दे.

मी एक प्रश्न विचारते, नीट आठवून उत्तर दे. त्या सकाळी ती काडी तू कुठे उभी राहून ओढलीस?

तुझ्यासाठी मीच आठवते. पुलाजवळच्या बस थांब्यावर. काडेपेटी तुझ्या खिशातली होती, आदल्या दिवशी दुकानातून आणलेली. ज्याने मागितली तो गोदीतला माणूस होता, त्याच्या कपाळाला टाके होते. हे सगळं तूच त्या संध्याकाळी सांगितलंस, रडत, मी एवढं विचारलं नसतानाही, जसं तू सगळं सांगतेस.

तू शाळेत गेलीस. मला दम्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत कुणी घराबाहेर जाऊ दिलं नाही, आणि हॅना मावशीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला वाचायला शिकवलं. खरं म्हणजे ती आईची मावशी, पण आपण दोघीही तिला मावशीच म्हणायचो. पाटीवर एका बाजूला अक्षरं, दुसऱ्या बाजूला नेम. मीठ सांडलं तर काय. पाणी फेकताना आधी हाक का मारायची. नेम पाठ झाला की ती उलटा विचारायची, 'आणि कधी लागू नाही?' तिच्या मते खरी विद्या तिथे होती. मे महिन्याच्या विस्तवाचा नेम कधी लागू नाही?

उंबऱ्याबाहेर. खिशातली काडी म्हणजे घराचा विस्तव नव्हे. रस्त्यावर पेटवलेली तर नव्हेच. चुलीतून घेतला आणि दारातून दिला, तरच.

तू शाळेत भूगोल शिकत होतीस. तुला नेमाची पहिली बाजू तेवढी माहीत होती. दुसरी आपल्या घरात फक्त

१९ ऑक्टोबर

काल इथे थांबले आणि पत्र टाकलं नाही. आज त्याच कागदावर पुढे लिहिते, म्हणजे मी कुठे थांबले होते ते तुला दिसेल.

दुसरी बाजू फक्त मला माहीत होती. मावशी त्या हिवाळ्यातच गेली होती. आई बाजारात होती, तू बसने कामाला गेली होतीस. आठ वाजले असतील. दार वाजलं.

मोहरीच्या रंगाचा कोट घातलेली बाई. हातात मेणबत्तीचं बोटभर बुटुक. म्हणाली, "नऊ नंबरात नवीन आले आहे गं. गॅस जोडला नाही अजून. बाळाचं दूध गार पडलंय. एवढी पेटवून देतेस?"

मी म्हणाले, "आज एक तारीख आहे."

ती म्हणाली, "अगंबाई, कुणीतरी चांगलं शिकवलं आहे तुला." एवढंच. मावशी गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. तू मला पुस्तकातली अळी म्हणायचीस, आई म्हणायची दम लागेल, बस. मी सोळा वर्षांची होते. दाराशी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवू नये, हाही एक नेम आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तो नेम आहेच. पण मी त्यासाठी दिलं नाही. तिने शाबासकी दिली म्हणून दिलं. चुलीचं झाकण उचललं, बुटुक पेटवलं, तिच्या हातात ठेवलं. दार लावल्यावर आठवलं की आपल्या गल्लीत घरं आठच आहेत.

दुपारी चूल आपोआप विझली. आई बाजारातून आली आणि कोट न काढता खुर्चीत बसली. ती आई नव्हती, हे तू मला दाखवायच्या आधी मी ओळखलं होतं.

संध्याकाळी तू विचारलंस, "विस्तव कुणी दिला?" मी म्हणाले, "तू आज कुणाला काही पेटवून दिलंस का?" तुझा चेहरा पांढरा पडला. मग शेजारच्यांना, पाद्रीबाबांना, सगळ्यांना मी एकच वाक्य सांगितलं: नोरीनने त्या सकाळी एका माणसाला काडी पेटवून दिली होती. त्यात एक शब्द खोटा नाही. मी तपासून पाहिलेलं वाक्य आहे ते. कबुलीजबाबाच्या वेळी पाद्रीबाबांनी विचारलं, 'खोटं बोललीस का?' मी नाही म्हणाले. तेही खरं होतं.

त्र्याऐंशीच्या एकतीस ऑक्टोबरला, वर्षातून त्या एकाच दिवशी त्यांचं दार उघडतं तेव्हा, तू धक्क्याच्या भिंतीतल्या त्या कमानीत उतरलीस. मी वर पायऱ्यांवर कंदील धरून उभी होते. तू वळून म्हणालीस, "नेम नीट सांग, डेल्मा. काय म्हणायचं?" मी सांगितलं: 'मी दिलेला विस्तव परत द्या.' तुला खोटं बोलायचे शब्द मी शिकवले. तू खरं समजून बोललीस. तू भाबडी होतीस म्हणून सोडून देणारी माणसं ती नव्हेत. तू आतून ओरडलीस तेव्हा माझ्या हातातला कंदील हललासुद्धा नाही.

का बोलले नाही, ते विचारशील. भीती. मी मागायला गेले तर माझाही हात जाईल, कदाचित सगळीच जाईन, असं वाटायचं. आणि एकदा तुझी बोटं गेल्यावर मग कोणत्या तोंडाने बोलणार होते? दर वर्षी आणखी कठीण झालं. तुला दुष्ट ठरवल्याशिवाय मला झोप येत नव्हती, म्हणून ठरवलं.

एकतीसला मी जाणार आहे. तू तिकीट परत दे. तू दुसऱ्यांदा मागितलंस तर ते तुला ठेवून घेतील, आणि या वेळी ते मला आधीपासून माहीत आहे.

डेल्मा


२७ ऑक्टोबर

नोरीन,

पार्सल मिळालं. चिठ्ठी नाही. मी प्रत्येक नाताळला विणून पाठवलेले हातमोजे, चारही डावे.

उजवे ठेवून घेतलेस.

चारही मोज्यांची तीन बोटं झिजून पातळ झाली आहेत, एकाला तू रफू केलं आहेस. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट अजून नवंकोरं आहे. मी दर वर्षी पाच बोटं विणत होते. विणताना टाके मोजायचे, आणि पाच विणायचे.

एक मी घालून जाणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. तू देणार नाहीस.

डेल्मा


२ नोव्हेंबर

नोरीन,

जसं झालं तसं सांगते.

एकतीसला साडेचारला ओहोटी होती. धक्क्याखालची कमान उघडी पडली, आत शहराखालून वाहणारी नदी. वर बसगाड्या जातात तेव्हा छतातून पाणी गळतं. दहा-बारा पावलांवर एक दार आहे, तू पाहिलंच आहेस. बॅटी बाहेर बसला होता, पाय पाण्यात सोडून.

"उशीर केलात, मास्तरीणबाई."

"ओहोटी आताच लागली."

"सहा वर्षं उशीर म्हणतोय मी."

दार उघडलं. तीच बाई, तोच कोट, जराही मळलेला नाही. मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी जोजवत होती. त्यातून रडण्याचा नाही, घासल्याचा आवाज येत होता. मी बघितलं नाही.

"आलीस का गं," ती म्हणाली. "शिकलेली मुलगी."

मी म्हणाले, "एक मेच्या सकाळी मी तुम्हाला विस्तव दिला. चुलीतून घेतला, दारातून दिला. माझ्या बहिणीने दिला नव्हता. तो परत द्या." मग डावा हात पुढे केला. मोजा काढला आणि डोळे मिटले.

काही झालं नाही. बॅटी खोकल्यासारखा हसत होता. "हात कशाला? हात खोटं मागणाऱ्याचा घेतो. खरं मागणाऱ्याला काय करायचं? मागितलं की द्यायचं."

दाराच्या चौकटीतच एक कोनाडा आहे. त्यात ते बुटुक जळत होतं. एवढंसं, दिलं होतं तेवढंच.

"बाईंनी ते आत नेलंच नाही कधी," तो म्हणाला. "पहिल्या वर्षापासून दाराशीच ठेवलंय. म्हटलं, आज येईल, उद्या येईल. तू पहिल्याच वर्षी येशील अशी पैज लावून मी हरलो की गं."

नोरीन, फुकट होतं ते. सहा वेळा दार उघडलं, सहाही वेळा फुकट होतं. त्र्याऐंशी सालीही मी कंदील खाली ठेवून पंचवीस पायऱ्या उतरले असते तर.

मी विचारलं, "तिची बोटं?"

बाईने बॅटीकडे पाहिलं. "ती त्याच वर्षी संपली," तो म्हणाला.

मी मेणबत्तीवर तुझा मोजा धरून चढण चढले. वारा होता. भुताखेतांची रात्र म्हणून मुखवटे घातलेली पोरं रस्त्यावर फिरत होती. एका मुलीने सलगमाचा दिवा माझ्यासमोर धरला, "ए ताई, माझा विझला, पेटवून दे ना!" मी तिला ढकललं. ती पडली आणि तिची आई माझ्यामागे शिव्या देत आली. मी थांबले नाही.

चूल पेटवली. खुर्चीतली उठली, कोटाची बटणं लावली आणि शेजारणीकडून निघावं तशी दारातून निघून गेली. तिच्या जागेवर कोळशाचा चुरा होता, तो मी झाडला. अर्ध्या तासाने आई गल्लीतून वर आली. एक्क्याऐंशीचा बाजारातला एप्रन, गुडघ्यापर्यंत ओली. चुलीपाशी उभी राहिली, हात शेकले, आणि पहिलं वाक्य बोलली:

"नोरीन कुठे आहे?"

मी सांगितलं, इंग्लंडात.

"हात कसा आहे तिचा?"

मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"दाराच्या पलीकडेच होते मी. ओरडली ते ऐकलं. तू वर होतीस." मग माझ्याकडे न बघता, "तू गप्प राहिलीस, तेही ऐकलं."

त्यानंतर ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. मीठ दे. बादली सरकव. काल सकाळी तिने अंडी आणायला सांगितली आणि दिवसभर बसून बारा अंड्यांना लोणी चोळलं. तुझ्यासाठी. मी एक हातात घेऊन पाहिलं, ऊन होतं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्याच्या सुरुवातीला मी तुझी माफी मागितली होती. आईने वाचलं आणि तो कागद चुलीत घातला. म्हणाली, "ही टपालाने पाठवायची वस्तू नाही."

तिकीट परत दिलं असशील तर नवं काढ. आई धक्क्यावर येणार आहे. मीही असेन. तिने सांगून ठेवलं आहे की मी तिच्यामागे उभं राहायचं, आधी तुझा हात तिला पाहू द्यायचा. मग तू जे बोलशील, कितीही वेळ, ते ऐकायचं.

मधे बोलायचं नाही. खरं असलं तरी.

डेल्मा